न्यूयॉर्कमधली मंदीच्या काळातली सरकारी कामं: डब्ल्यूपीए कुठलं, पीडब्ल्यूए कुठलं?

अनुस्वार (धागाकर्ती):

मंडळाच्या सहलीसाठी चार पानी माहितीपत्रक करायचं आहे. विषय: १९३०च्या महामंदीत केंद्र सरकारच्या पैशातून न्यूयॉर्क शहरात झालेली बांधकामं. अडचण अशी की नेटवरच्या याद्यांमध्ये एकच पूल एका ठिकाणी डब्ल्यूपीएचा (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) असतो आणि दुसऱ्या ठिकाणी पीडब्ल्यूएचा (पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन). दोन्ही त्या काळातली केंद्र सरकारची खाती. काही याद्यांत तर मंदीतली झाडून सगळी बांधकामं डब्ल्यूपीएच्या खात्यावर टाकलेली दिसतात.

माझी कच्ची यादी: ट्रायबरो ब्रिज, ॲस्टोरिया पार्कचा जलतरण तलाव, लागार्डिया विमानतळ, लिंकन टनेल, सेंट्रल पार्कमधलं प्राणिसंग्रहालय, ब्रॉंक्सच्या मुख्य पोस्टातली भित्तिचित्रं, हार्लेम हॉस्पिटलमधली भित्तिचित्रं, फर्स्ट हाउसेस, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, जोन्स बीच.

विचारायचं ते हे: कुठलं काम कुठल्या खात्याचं, हे जागेवर उभं राहून ओळखता येतं का? कागदपत्रं कुठे शोधायची? आपल्या रोजगार हमीशी तुलना केली तर चुकीचं ठरेल का? आणि न्यू जर्सीच्या बाजूला दाखवण्यासारखं काही आहे का?

---

दप्तरी:

आधी यादीतली शेवटची दोन नावं खोडा. जोन्स बीच १९२९ साली उघडला आणि जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज १९३१ साली. रूझवेल्ट अध्यक्ष झाले मार्च १९३३मध्ये, आणि ही सगळी खाती त्यानंतरची. जोन्स बीचला रॉबर्ट मोझेसचं (न्यूयॉर्कची उद्यानं आणि पूल उभारणारा अधिकारी) नाव चिकटलेलं असल्यामुळे तो या याद्यांत घुसतो. रॉकफेलर सेंटरही असंच घुसतं, पण ते खाजगी पैशातलं काम आहे.

आता खाती. बाकी सगळं विसरलात तरी एक प्रश्न लक्षात ठेवा: मजुराला पगार कोण देत होतं?

पीडब्ल्यूए जून १९३३ची. तरतूद ३.३ अब्ज डॉलर, प्रमुख हॅरॉल्ड इकेस. शहराने किंवा एखाद्या प्राधिकरणाने प्रस्ताव पाठवायचा. मंजूर झाला की सुरुवातीच्या काळात मजुरी आणि मालाच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान, उरलेलं कर्ज, व्याज ४ टक्के. १९३५पासून अनुदान ४५ टक्क्यांवर गेलं. पुढे नेहमीसारखं: टेंडर, खाजगी ठेकेदार, ठेकेदाराची माणसं, ठेकेदाराचा पगार. म्हणजे पीडब्ल्यूएने स्वतः काही बांधलं नाही, बांधायला पैसे दिले.

डब्ल्यूपीए मे १९३५ची, प्रमुख हॅरी हॉपकिन्स. इथे ठेकेदार नाही. मदतयादीवरच्या, म्हणजे सरकारी मदतीवर जगणाऱ्या, बेकारांना सरकार थेट कामावर घेतं आणि पगार सरकारी तिजोरीतून निघतो. शहराला त्यांच्या भाषेत प्रायोजक म्हणत. प्रायोजकाने जागा आणि आराखडे द्यायचे, शिवाय मालाच्या खर्चातला वाटा उचलायचा. न्यूयॉर्क शहर एवढं मोठं होतं की डब्ल्यूपीएने त्याला न्यूयॉर्क राज्यापासून वेगळं काढून जणू ४९वं राज्य केलं. त्या वेळी राज्यं ४८च होती.

डब्ल्यूपीएच्या आधी सीडब्ल्यूए (सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन) होती, १९३३-३४च्या एका हिवाळ्यापुरती. जानेवारी १९३४मध्ये देशभरात ४० लाखांवर माणसं तिच्या हजेरीपटावर होती आणि वसंत येईतो ती गुंडाळलीसुद्धा गेली.

यातून तारखेची एक सोपी चाळणी मिळते. मे १९३५च्या आधी पुरं झालेलं कुठलंही काम डब्ल्यूपीएचं असू शकत नाही. तुमच्या यादीतलं सेंट्रल पार्कचं प्राणिसंग्रहालय २ डिसेंबर १९३४ला उघडलं, त्यामुळे ते इथेच गळतं. मजूर मदतयादीवरचेच होते, पण आधीच्या योजनांतले.

चौथा खेळाडू लोक हमखास विसरतात: अर्थखातं, म्हणजे ट्रेझरी. पोस्टाच्या इमारती त्याच्या, आणि त्यांतली बहुतेक चित्रं त्याच्याच कला-विभागाने रंगवून घेतलेली. ब्रॉंक्सच्या मुख्य पोस्टातली १३ चित्रं बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन यांची, १९३८-३९ची. ती डब्ल्यूपीएची नाहीत. पत्रकात ही चूक करू नका. जाणकार वाचक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

जागेवर ओळखायचं तर पाटी आणि कोनशिला वाचा.

पाटीवर ‘फेडरल इमर्जन्सी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ पब्लिक वर्क्स’ आणि खाली इकेस यांचं नाव असेल तर पीडब्ल्यूए. या लांबलचक अधिकृत नावात ‘पीडब्ल्यूए’ ही अक्षरं सलग येत नाहीत, म्हणून नवखा माणूस पाटीसमोरून तसाच पुढे जातो.

‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ असेल तर डब्ल्यूपीए, जुलै १९३९च्या आधीची. ‘वर्क प्रोजेक्ट्स ॲडमिनिस्ट्रेशन’ असेल तरी डब्ल्यूपीएच, पण जुलै १९३९नंतरची. आद्याक्षरं तीच ठेवून नाव बदललं, त्यामुळे पाटीचा काळ फुकटात कळतो.

कोनशिलेवर अर्थमंत्री मॉर्गेंथाउ, पोस्टमास्तर जनरल फार्ली आणि सरकारी वास्तुविशारद लुई सायमन ही तीन नावं दिसली तर समजा ट्रेझरी.

नुसतं ‘फेडरल वर्क्स एजन्सी’ असेल तर पाटीवरून निकाल लागत नाही. १९३९मध्ये डब्ल्यूपीए, पीडब्ल्यूए आणि सरकारी इमारतींचं खातं, तिन्ही याच एका छत्राखाली आणली गेली. तिथे कागदच पाहावे लागतात.

रोजगार हमीशी तुलना जरूर करा, मराठी वाचकाला ती पटकन कळेल. डब्ल्यूपीए म्हणजे मस्टरवरचं काम आणि पीडब्ल्यूए म्हणजे टेंडरचं काम. फक्त दोन फरक लिहा. १९७२च्या दुष्काळातून वाढलेल्या आपल्या योजनेला पुढे कायद्याने ‘मागेल त्याला काम’ ही हमी आली. डब्ल्यूपीएत अशी हमी कधीच नव्हती. गरज तपासली जाई, साधारणपणे एका कुटुंबातल्या एकालाच काम मिळे, आणि संसदेने पैसे कमी दिले की नावं कमी होत. दुसरा फरक दामाचा: आपल्याकडे खणलेली माती मोजून, तिकडे महिन्याचा ठरीव पगार.

---

खडी-डांबर:

दप्तरींनी पाट्या सांगितल्या. मी बांधकामाकडून येतो, कारण पैसा कुठल्या खात्यातून आला हे कामाच्या जातीवरूनही बरंचसं ओळखू येतं.

सहलीला एकच जागा दाखवायची असेल तर ॲस्टोरिया पार्क दाखवा. तलावाच्या काठावर उभं राहिलं की डोक्यावर ट्रायबरो ब्रिज आणि पायाशी तलाव. वरचा पीडब्ल्यूएचा, खालचा डब्ल्यूपीएचा, आणि दोन्ही उघडले १९३६च्या जुलैत. पूल ११ तारखेला, तलाव २ला.

पुलाचं काम ऑक्टोबर १९२९मध्ये, शेअरबाजार कोसळत होता त्याच आठवड्यात सुरू झालं आणि पैशाअभावी बंद पडलं. १९३३मध्ये पीडब्ल्यूएने सुमारे ४.४२ कोटी डॉलर मंजूर केले: ३.५ कोटी कर्ज, ९२ लाख अनुदान. कर्ज फेडायचं टोलमधून, गाडीमागे २५ सेंट. ओथमार अमान मुख्य अभियंता झाल्यावर त्यांनी आधीचा दोन मजली रस्त्याचा आराखडा रद्द करून एकच मजला ठेवला. वरचं वजन घटलं, त्यामुळे मनोरे हलके झाले, आणि मनोरे हलके म्हणून खालचे खांबही. बचत कोटीच्या घरातली. ‘ट्रायबरो’ म्हणताना एकच पूल डोळ्यांसमोर आणू नका. हेल गेटवर १,३८० फुटांच्या मुख्य गाळ्याचा झुलता पूल, हार्लेम नदीवर गाळा सरळ वर उचलला जाणारा पूल, ब्रॉंक्स किल या अरुंद जलमार्गावर कैचीचा पूल, आणि हे सगळं जोडणारे उन्नत रस्ते. एवढं पोलाद, एवढे कुशल हात आणि एवढी यंत्रं मस्टरच्या कामात बसत नाहीत. माल आणि यंत्रांवर एवढा खर्च केला तर बेकारांच्या हातात काय पडणार? म्हणून लांब पूल आणि बोगदे बहुधा पीडब्ल्यूएकडे गेलेले दिसतील. लिंकन टनेलची १९३७ची पहिली नळी आणि १९४०चा क्वीन्स-मिडटाउन बोगदा, दोन्ही त्याच खात्यातले.

याच पुलाखालच्या रँडल्स आयलंडवर डब्ल्यूपीएच्या मजुरांनी स्टेडियम बांधलं. तेही ११ जुलै १९३६लाच उघडलं आणि त्याच दिवशी तिथे बर्लिन ऑलिंपिकच्या अमेरिकी निवड चाचण्या सुरू झाल्या. जेसी ओवेन्स तिथे धावला. ते स्टेडियम आता नाही, त्या जागी आयकान स्टेडियम आहे.

आता तलाव. १९३६च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने असे ११ तलाव उघडले: पहिला हॅमिल्टन फिश २४ जूनला, शेवटचा रेड हुक १७ ऑगस्टला. म्हणजे आठ आठवड्यांत अकरा. हे जमलं याचं कारण मोझेसने आराखडे आधीच करून ठेवले होते. १९३४मध्ये पार्क्स विभाग हातात येताच त्याने सेंट्रल पार्कमधल्या आर्सेनल इमारतीत बेकार वास्तुविशारद आणि अभियंत्यांना मदतनिधीतूनच पगारावर बसवलं. वॉशिंग्टनहून पैसा निघाला तेव्हा बाकीची शहरं जागा शोधत होती आणि इथले नकाशे गुंडाळ्या करून तयार होते. पहिल्या दोन वर्षांत डब्ल्यूपीएच्या देशभरातल्या पैशातला सुमारे सातवा हिस्सा या एका शहराला मिळाला.

तलाव पाहताना या गोष्टी दाखवा:

ॲस्टोरियाचा मुख्य तलाव ३३० फूट लांब आणि १६५ फूट रुंद. १६५ फूट म्हणजे ५५ यार्ड, ५० मीटरहून जेमतेम फूटभर जास्त. म्हणून शर्यती आडव्या दिशेने घेता येतात. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या चाचण्या इथेच झाल्या.

सूर मारण्याचा तलाव आणि लहान मुलांचा उथळ तलाव मुख्य तलावापासून वेगळे. एकाच टाकीत खोल आणि उथळ केलं की गर्दीच्या दिवशी न पोहता येणारी माणसं खोलात ढकलली जातात.

काठाची तवंग वाहून नेणारी पन्हळ मुद्दाम रुंद ठेवली आहे, आत ऊन पोचावं आणि जंतू मरावेत म्हणून. कपडे बदलण्याच्या इमारतीतून तलावाकडे येताना पाय बुडवून यावं लागे, तशी उथळ कुंडं वाटेत होती.

इमारती विटांच्या, काँक्रीटच्या आणि ओतीव दगडाच्या. घडीव दगड जवळपास नाही. माल स्वस्त आणि मजुरी भरपूर, हे गणित तुम्हाला भिंतीत वाचता येतं. उन्हाळा संपला की कपडे बदलण्याची दालनं व्यायामशाळा म्हणून वापरायची, हेही मूळ आराखड्यातलंच.

आता बिघडलं कुठे ते. डब्ल्यूपीएचा पगार महिन्याचा ठरीव: १९३५च्या दरपत्रकात मोठ्या शहरांत अकुशल मजुराला ५५ डॉलर, कुशल कारागिराला ८५. कामगार संघटना म्हणाल्या, तासाचा दर बाजारातल्या दराखाली जातो, आणि ऑगस्ट १९३५मध्ये न्यूयॉर्कच्या कारागिरांनी संप केला. तोड निघाली ती पगार न वाढवता तास कमी करण्याची. समजा गवंड्याचा बाजारभाव तासाला दीड डॉलर. ८५ भागिले दीड म्हणजे महिन्याला ५७ तास, की झाला त्याचा महिना. बिगारी मात्र त्याच्या दुप्पट तास कामावर. मग बिगाऱ्यांना काम पुरवायला गवंड्यांच्या दोन-तीन पाळ्या लावाव्या लागत आणि एकच भिंत तीन हातांनी चढे. १९३९च्या कायद्याने सगळ्यांना सरसकट महिन्याचे १३० तास केले, त्यावर जुलै १९३९मध्ये पुन्हा संप. त्याच कायद्यात सलग १८ महिने काम झालेल्याला काढून टाकायची अटही आली. शिकून तयार झालेली माणसं एकदम गेली तर चालू कामाचं काय होतं, हे मुकादमाला विचारा.

---

रंगपेटी:

चित्रांबद्दल थोडं, कारण सहलीत माणसं विटांपेक्षा चित्रांसमोर जास्त वेळ थांबतात.

हार्लेम हॉस्पिटल नक्की ठेवा. लेनॉक्स ॲव्हेन्यू, १३५व्या-१३६व्या रस्त्याजवळ. चार्ल्स ऑल्स्टन, व्हर्टिस हेज, जॉर्जेट सीब्रुक ही काळी कलाकार मंडळी आणि आल्फ्रेड क्रिमी. १९३६मध्ये हॉस्पिटलच्या अधीक्षकाने आक्षेप घेतला की चित्रांत काळ्यांचे विषय फार आहेत. हार्लेममध्ये! कलाकारांनी जाहीर विरोध केला आणि चित्रं झाली. नंतर गळती, डागडुजी आणि रंगसफेदी यांनी त्यांची वाट लावली. दुरुस्त होऊन २०१२पासून ती नव्या दर्शनी इमारतीत आहेत, आणि हेजच्या चित्राची मोठी प्रतिमा बाहेरच्या काचेवरच आहे. आत जायचा वेळ नसला तरी रस्त्यावरून दिसते.

तंत्राचा फरक पत्रकात दोन ओळींत लिहा. क्रिमीचं चित्र खरं फ्रेस्को, म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग. एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. वाळताना चुना रंगाला धरून ठेवतो, म्हणून तो पोपडा होऊन सुटत नाही. पण भिंत फुटली की चित्र फुटलं, आणि इमारत पाडायची झाली तर चित्र सोडवणं महाकठीण. दुसरी पद्धत म्हणजे कॅनव्हासवर तैलरंगात काढून तो कापडासकट भिंतीला चिकटवणं. हे स्टुडिओत बसून करता येतं आणि उचलता येतं. शत्रू एकच, मागची ओल. भिंतीत पाणी शिरलं की क्षार वर येतात आणि कापड फुगतं.

गंमत अशी की बरीच चित्रं वाचली ती याच दुसऱ्या पद्धतीमुळे. ब्रुकलिनमधली विल्यम्सबर्ग हाउसेस ही पीडब्ल्यूएच्या गृहनिर्माण विभागाची वसाहत: चार मजली २० इमारती, १,६२२ घरं, रस्त्यांच्या जाळ्याशी १५ अंश तिरप्या. तिथल्या सामाईक खोल्यांत डब्ल्यूपीएच्या कलाकारांनी अमूर्त चित्रं लावली. म्हणजे इमारत एका खात्याची, चित्रं दुसऱ्याची. तुमच्या याद्या इथेच गोंधळतात. पुढे त्यांवर रंगाचे हात चढले. पण कॅनव्हास असल्यामुळे ती उतरवता आली, साफ करता आली, आणि आता ब्रुकलिन म्युझियममध्ये आहेत. नेवार्क विमानतळावरची आर्शिल गोर्कीची १० फलकांची मालिका याच दैवाची. १९७०च्या दशकात रंगाच्या १४ थरांखालून दोन फलक निघाले. बाकीचे आठ गेलेच. ते दोन नेवार्कच्या म्युझियमकडे आहेत.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ४२व्या रस्त्यावरच्या मुख्य इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एडवर्ड लॅनिंगची चित्रं आहेत, डब्ल्यूपीएच्या शेवटच्या वर्षांतली. फुकट, आणि पावसाच्या दिवशी सोयीचं.

एक इशारा, कारण सहलीनंतर कोणीतरी विचारतंच: ‘लिलावात डब्ल्यूपीएचं चित्र दिसलं, घेऊ का?’ कलाकाराला आठवड्याला २३.८६ डॉलर पगार होता, त्यामुळे पगारात काढलेलं चित्र सरकारच्या मालकीचं. १९४३मध्ये डब्ल्यूपीएचं दुकान बंद झालं तेव्हा न्यूयॉर्कच्या गोदामातले कॅनव्हास वजनावर भंगारात गेले, नळांभोवती गुंडाळायला. ही कहाणी खरी आहे. तरी सर्वसाधारण नियम असा की मालकी सोडल्याचा कागद नसेल तर केंद्र सरकार आजही हक्क सांगतं आणि चित्र परत मागतं. मागे लेबल दिसलं की विक्रेत्याला कागद विचारा.

---

चहा_बिस्कूट:

थोडक्यात पीडब्ल्यूए म्हणजे ठेकेदारांची चंगळ आणि डब्ल्यूपीए म्हणजे कुदळीला टेकून उभी माणसं. दोन्हीकडे पैसा पाण्यात, असं लिहून टाका की!

---

दप्तरी:

दोन्ही विनोद तेव्हाचेच आहेत. कुदळीला टेकलेल्या माणसाचं व्यंगचित्र तर तेव्हा वर्तमानपत्रांत नेहमीचं. पण पीडब्ल्यूएवरची खरी तक्रार उलटी होती. इकेस प्रत्येक कागद स्वतः तपासत, घोटाळा होऊ नये म्हणून. परिणामी पैसा इतका सावकाश सुटे की १९३३चा हिवाळा आला तरी माणसं कामाला लागलेली नव्हती. सीडब्ल्यूए घाईने काढावी लागली ती याचमुळे.

उगाच अडवणूकही झाली. डिसेंबर १९३४चा इकेस यांचा हुकूम क्रमांक १२९ असा होता की शहराचा पदाधिकारी ज्या प्राधिकरणावर बसतो त्याला पैसे मिळणार नाहीत. शब्द सर्वसाधारण, निशाण्यावर माणूस एकच: ट्रायबरोच्या मंडळावरचा मोझेस, कारण रूझवेल्ट आणि त्याचं जुनं वैर. मोझेसने ते वर्तमानपत्रांत फोडलं, ओरड झाली, आणि मार्च १९३५मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

---

अनुस्वार (धागाकर्ती):

सगळ्यांचे आभार, यादीचं रूपच बदललं. तीन गोष्टी राहिल्या: लागार्डिया, फर्स्ट हाउसेस आणि न्यू जर्सी. आणि कागद शोधायची पद्धत.

---

खडी-डांबर:

लागार्डिया: डब्ल्यूपीए, आणि तिचं सर्वांत खर्चिक काम म्हणावं असं. खर्च ४ कोटी डॉलरच्या आसपास. काम सुरू ९ सप्टेंबर १९३७, समारंभ १५ ऑक्टोबर १९३९, विमानं २ डिसेंबर १९३९पासून. एकूण ५५८ एकरांपैकी ३५७ एकर समुद्रात भराव टाकून केलेली. भराव म्हणजे बराचसा रायकर्स आयलंडवरचा शहराचा कचरा आणि राख, सुमारे १.७ कोटी घनयार्ड. मधल्या खाडीवर तात्पुरता पूल टाकून ट्रक थेट आणले. ‘डब्ल्यूपीए म्हणजे फावडी’ या समजुतीला इथे धक्का बसतो, पण विचार केला तर हे मस्टरचंच काम: भराव, पसरणी, दबाई. कुशल हात कमी, अंगमेहनत जास्त.

दोष भरावातच होता. तळाशी खाडीचा मऊ गाळ, वर कुजणारा कचरा. गाळातलं पाणी वरच्या ओझ्याने हळूहळू निघतं आणि कचरा आतून बसतो. दोन्ही क्रिया वर्षानुवर्षं चालतात आणि सगळीकडे सारख्या वेगाने चालत नाहीत. म्हणून जमीन खचत राहिली आणि भरतीपासून वाचवायला बांध घालावे लागले.

मूळ मुख्य टर्मिनल १९६०च्या दशकातच गेलं. पाहायचं ते मरीन एअर टर्मिनल, आजचं टर्मिनल ए. १९४०मध्ये पॅन ॲम या विमान कंपनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी उघडलं. बाहेर उडत्या माशांची नक्षी, आणि आतल्या गोल दालनात जेम्स ब्रूक्सचं २३७ फूट लांब भित्तिचित्र. १९५०च्या दशकात ते रंगाखाली झाकलं आणि १९८०मध्ये पुन्हा उघडं केलं. दालन सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे, त्यामुळे तिकीट लागत नाही.

फर्स्ट हाउसेस, ॲव्हेन्यू ए आणि पूर्व तिसरा रस्ता. आठ इमारती, १२२ घरं, डिसेंबर १९३५. १९३४मध्ये स्थापन झालेल्या शहराच्या हाउसिंग ऑथॉरिटीचं हे पहिलं काम, मजूर मदतयादीवरचे. बेत सुटसुटीत होता: जुन्या चाळींच्या रांगेतली दर तिसरी इमारत पाडायची, उजेड-वारा आत घ्यायचा, उरलेल्या दुरुस्त करायच्या. काम काढल्यावर दिसलं की शेजारच्या चाळी त्या पाडलेल्या भिंतींच्या आधाराने उभ्या होत्या आणि आत टिकण्यासारखं फारसं नव्हतं. शेवटी तीन इमारती कशाबशा जुन्यातून उभ्या केल्या आणि पाच नव्याने बांधल्या. खर्च अर्थातच अंदाजाबाहेर. याच जागेवरून १९३६चा मुलर खटला झाला. झोपडपट्टी हटवण्यासाठी खाजगी जमीन सक्तीने घेणं हा सार्वजनिक उपयोगच, असा निकाल लागला.

---

दप्तरी:

कागदांची पद्धत, याच क्रमाने करा.

शहराच्या लँडमार्क्स कमिशनचा, म्हणजे वारसा वास्तू नोंदवणाऱ्या खात्याचा, अहवाल आधी. ॲस्टोरियाचा तलाव २००६मध्ये नोंदला गेला, आणि त्या अकरांपैकी बऱ्याच तलावांचे असे अहवाल आहेत. फुकट मिळतात. पैसा कुठून आला, मजूर कुठले, नंतर काय बदललं, सगळं त्यात असतं. निम्मं काम इथेच संपतं.

मग म्युनिसिपल अर्काइव्ह्ज, ३१ चेंबर्स स्ट्रीट. १९३९-४१मध्ये करआकारणीसाठी पाचही बरोंमधल्या (शहराचे मोठे विभाग) जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो काढला गेला, तोही डब्ल्यूपीएच्याच मदतीने. हे फोटो ऑनलाइन आहेत. पत्त्यावरून शोधलं तर चुकतं, कारण घरांचे नंबर बदलले. आधी आजच्या कर-नकाशावर ब्लॉक आणि लॉट क्रमांक काढा, मग त्यावर शोधा. फोटोत इमारतीसमोर धरलेल्या पाटीवर हेच आकडे असतात, ते ताडून पाहा.

एवढ्यानेही भागलं नाही तरच राष्ट्रीय अभिलेखागार, कॉलेज पार्क, मेरीलँड. विचारताना गट क्रमांक सांगा: डब्ल्यूपीए ६९, पीडब्ल्यूए १३५, ट्रेझरीची चित्रं १२१. खातं चुकलं की गट चुकतो आणि ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर येतं. लोक त्याचा अर्थ कागदच नाहीत असा घेतात. एखाद्या मजुराची वैयक्तिक सेवानोंद हवी असेल तर ती तिथे नसते, सेंट लुईसच्या केंद्रात असते.

---

रंगपेटी:

न्यू जर्सीसाठी लांब जायला नको. एडिसनमध्ये, मेनलो पार्क मॉलला लागून रूझवेल्ट पार्क आहे. मॉलला जाणाऱ्या किती जणांनी तिथलं कारंजं पाहिलं असेल, शंकाच आहे. शिल्पकार वेलँड ग्रेगरी, डब्ल्यूपीए, १९३८, थॉमस एडिसनच्या स्मरणार्थ. मधल्या खांबावर विज्ञान आणि उद्योगाची दृश्यं, माथ्यावर गोल, आणि बाजूच्या कमानींवरून बाहेर घसरणाऱ्या सहा आकृती: युद्ध, दुष्काळ, रोगराई, मृत्यू, शिवाय लोभ आणि भौतिकवाद. ज्ञानाचा उजेड त्यांना पिटाळतो आहे.

माल चकाकी दिलेली भाजलेली माती. कारंज्याला हा माल म्हणजे हौस. चकाकीला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि पापुद्रा उडवतं. म्हणून त्याची दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली आहे. जवळ गेलात तर मूळ आणि नंतर बसवलेले तुकडे रंगावरून ओळखू येतात.

---

खडी-डांबर:

सहलीचा क्रम असा लावा: सकाळी एडिसनचं कारंजं, लिंकन टनेलमधून शहरात, लायब्ररी, हार्लेम हॉस्पिटल, मग ट्रायबरोवरून ॲस्टोरिया. पुलाचं अधिकृत नाव २००८पासून रॉबर्ट एफ. केनेडी ब्रिज आहे, जीपीएसमध्ये तेच दिसेल. ॲस्टोरियाला मेट्रोने येणाऱ्यांनी एन किंवा डब्ल्यू गाडीने डिटमार्सला उतरून नदीच्या दिशेने चालत यावं.

तलाव जूनअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच भरलेला असतो. आधी पार्क्स विभागाच्या पानावर चालू आहे का ते पाहा. आत जायचं तर प्रत्येकाने स्वतःचं कुलूप आणायचं, लॉकरला कुलूप मिळत नाही. आणि पोहण्याच्या कपड्यांवर शर्ट घालायचा असेल तर साधा पांढराच. रंगीत शर्टवाल्यांना दारावरूनच परत पाठवतात.